समजून घ्या : ग्रंथपालाला ऑनलाइन प्रश्न विचारता आला तर?

समजा, तीर्थपुरीतील एका विद्यार्थिनीला प्रकल्पासाठी गावाची १९७१ च्या जनगणनेतील लोकसंख्या हवी आहे. ती मोबाइलवर ‘जालना जिल्हा १९७१’ असे शोधते आणि हाती काही लागत नाही. कारण जालना जिल्हा अस्तित्वात आला १ मे १९८१ रोजी. त्याआधी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात, अंबड तालुक्यात होता. माहिती आहे, पण दुसऱ्या नावाखाली. जाणता ग्रंथपाल हे मिनिटभरात सांगेल.

संदर्भसेवा म्हणजे काय?
वाचकाला हवे असलेले उत्तर कोणत्या ग्रंथात आहे, ते शोधून देणे. त्यासाठी ग्रंथपाल आधी उलट प्रश्न विचारतो : माहिती कोणत्या वर्षाची हवी? कशासाठी? ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र.

ती ऑनलाइन कशी चालते?
वाचक ई-मेल, फॉर्म किंवा चॅटवर प्रश्न पाठवतो. ग्रंथपाल उत्तर कळवतो आणि ते कुठून घेतले हेही सांगतो. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस ‘आस्क अ लायब्रेरियन’ या नावाने अशी सेवा देते.

आपल्याकडे काय आहे?
मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही आहे. म्हणजे कोठार भरलेले आहे. पण कोणत्या कणगीत काय आहे, हे सांगणारा माणूस गावातल्या वाचकाला भेटत नाही.

मग काय करावे?
१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात अनुदानित ग्रंथालयांचे जाळे आहे. गावातील ग्रंथपालाने प्रश्न नीट समजून घ्यावा, उत्तर न सापडल्यास तो व्हॉट्सअ‍ॅपवर जिल्हा ग्रंथालयाकडे पाठवावा. तिथे उत्तर देण्याची मुदत ठरलेली असावी. दिलेल्या उत्तरांची नोंद ठेवली, तर तोच प्रश्न पुन्हा आल्यावर शोधाशोध वाचेल.

यासाठी नवी इमारत लागत नाही. मात्र तुटपुंज्या वेतनावरील ग्रंथपालावर हे काम फुकटात लादले, तर सेवा महिनाभरही टिकणार नाही. अनुदान ठरवताना कपाटातील पुस्तकांबरोबर वाचकांना दिलेली उत्तरेही मोजावीत. इंटरनेट गावात पोहोचले. आता ग्रंथपालही त्यावरून पोहोचायला हवा.