नदीत ओंडके कशाला?

दोस्तांनो, नदीत काहीबाही टाकू नये, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मग अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, एल्व्हा नदीत माणसांनीच झाडांचे मोठाले ओंडके रचून ठेवले, ते का बरं?

तिथला सॅमन मासा जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. मादी शेपटीने गोटे उकरून खळगा करते आणि त्यात अंडी घालते. पण १९१३ साली समुद्रापासून जेमतेम ८ किलोमीटरवर धरण झालं, १९२७ मध्ये वर आणखी एक. माशांना वर जायला वाटच ठेवली नाही. तसा कायदा होता, तरी! डोंगरातून येणारे गोटे आणि ओंडकेही धरणामागे अडकले. खालचं पात्र ओकंबोकं झालं.

नदीकाठचे क्लॅलम लोक पिढ्यान्‌पिढ्या या माशावर जगलेले. धरणं काढा म्हणून ते चिकाटीने भांडले आणि नदीत ओंडक्यांचे ढीगही रचू लागले. ओंडक्याला पाणी अडखळतं, शेजारी डोह पडतो, गोटे साठतात. सावली, किडे, लपायला जागा. पिल्लांना आणखी काय हवं?

२०११ ते २०१४ मध्ये दोन्ही धरणं तोडली. अडलेला गाळ सुटला, नदी चहासारखी गढूळ झाली. तरी २०१२ मध्येच मासे पहिल्या धरणाची जागा ओलांडून वर गेले!

क्लॅलमांनी मात्र लगेच जाळी टाकली नाहीत. २०११ पासून मासेमारी बंदच ठेवली. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांनी पुन्हा थोडे सॅमन धरले. विकायला नाही, घरी खायला आणि सणाला.