कुलूप नक्की कशाला?

"एकदा आत टाकलं की सोडतात का गं?" कुरुंद्याहून मामांचा फोन. शेजारच्या पोराला महिनाभर झोप नाही, कानात आवाज येतात. दवाखान्यात न्यायला घरचे तयार आहेत, पण डोळ्यांसमोर कुलूपबंद वॉर्ड! राज्याची जुनी मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. मग माहिती कमी आणि ऐकीव भीतीच जास्त.

"पण कुलूप नसेल तर पेशंट पळणार नाही का?" मामांचा पुढचा सवाल. लॉजिकल वाटतो ना? जर्मनीतल्या 21 हॉस्पिटलांच्या 15 वर्षांच्या नोंदींचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. दारं उघडी ठेवणाऱ्या हॉस्पिटलांत पळून जाणं किंवा आत्महत्या जास्त आढळल्या नाहीत!

आपल्याकडे 2018 पासून लागू झालेला मानसिक आरोग्य कायदाही त्याच दिशेचा. आपणहून दाखल झालेल्याने मागितला की डिस्चार्ज. धोका वाटलाच तर डॉक्टर तपासणीसाठी 24 तास थांबवू शकतात. साखळीने बांधायला तर साफ बंदी.

मामांना एवढंच म्हटलं, "आधी त्या पोराला विचारा, त्याला काय हवंय?"

फोनवर क्षणभर शांतता.

"ते कुणी विचारलंच नाही गं."