खाडा कोण भरून देणार?

‘फुकट देतो तरी घेत नाहीत. अडाणी बाया!’ कचेरीतल्या पंख्याखाली हे वाक्य सहज बोललं जातं. दोस्तांनो, त्याची एकदा झडती घेऊ.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पहिल्या ३३ प्रकल्पांत आपली धारावी होती. म्हणजे पोटुशीला, बाळंतिणीला आहार देण्याचा वायदा जुनाच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तो हक्क झाला. वर लोह-फॉलिकची रोज एक गोळी, गरोदरपणात १८० दिवस. हिशेब काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात १८० दिवस गोळी खाल्लेल्या आया शंभरात २६. अंगात रक्त कमी असलेल्या पोटुशी बाया शंभरात ५२.

मग उरलेल्या ७४ जणी अडाणी?

मी गोदीत ओझी वाहतो. शिक्षण मॅट्रिक. माझी वहिनी सातव्या महिन्यापर्यंत टॉवरमधल्या चार घरांची भांडी घासत होती. अंगणवाडी उघडायची तेव्हा तिचे हात दुसऱ्याच्या मोरीत. खाडा केला की पगार कापला. एकदा खाडा करून गेली, गोळ्यांची पट्टी मिळाली. गोळीनं मळमळतं, शी काळी होते, घाबरायचं नाय, हे कुणी सांगितलं नाही. पट्टी पत्र्याच्या डब्यात पडली. आहाराचं पाकीट आलं ते घरातल्या सहा तोंडांत वाटलं गेलं. तिच्या वाट्याला किती आलं असेल, तुम्हीच सांगा.

शेजारच्या कर्नाटकानं २०१७ साली ‘मातृपूर्ण’ योजना काढली. गरम जेवण, अंडं, दूध. चांगलंच आहे. पण अट अशी की अंगणवाडीत येऊन जेवायचं. शेतमजूर बाईनं बांधावरचं काम टाकून रोज कसं यायचं? अंगणवाडी वरच्या आळीत असली तर आमच्या बाईला त्या पंगतीत कोण बसू देणार? अंगणवाड्या आधी दलित-आदिवासींच्या वस्तीत काढा, हे सर्वोच्च न्यायालयाला १३ डिसेंबर २००६ ला आदेश देऊन सांगावं लागलं. उगाच नाही सांगितलं.

दुधाच्या पेल्यापर्यंत जायला वेळ लागतो, आणि गरिबाचा वेळ म्हणजे मजुरी. बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपण-भत्त्याच्या बिलामागे ते उभे राहिले. आज कायदा सांगतो, किमान ६००० रुपये द्या. प्रधानमंत्री मातृ वंदना योजना पहिल्या बाळंतपणाला देते ५०००. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६०००. मुलगा झाला तर आईची भूक भागते काय?

आपली मागणी साधी आहे. अंगणवाडीची वेळ कामवाल्या बाईच्या वेळेला जुळवा. गोळी देताना दोन शब्द समजावून बोला. पाकीट घरच्या सगळ्यांना पुरेल इतकं रेशन द्या. आणि बाळंतपणातला खाडा पुरा भरून द्या.

दोस्तांनो, कविता लिहून झाली की आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत जा. ती कधी उघडते, यादीत कुणाची नावं आहेत, कुणाची नाहीत, ते वहीत उतरवा. ती वही घेऊन कचेरीत जाऊ. पंख्याखालच्या साहेबाला मग विचारू, अडाणी कोण?