दोन वजनांमधली रेघ

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात घोडेबाजार भरतो. तिथे घोडा नुसता उभा पाहून कोणी पैसे मोजत नाही. त्याला चालवून, पळवून पाहिले जाते. कुपोषणासाठी वारंवार बातम्यांत येणाऱ्या याच नंदुरबार जिल्ह्यात बाळाचे वजन मात्र एका आकड्यावर जोखून चालणार नाही. वाढीच्या तक्त्यावर आकडा हिरव्या पट्ट्यात आला की निश्चिंत होणे धोक्याचे आहे.

दहावीच्या निर्देशक भूमितीत रेषेचा चढ शिकवतात. एका बिंदूतून असंख्य रेषा जातात, दोन बिंदूंतून एकच. समजा, एका मुलाचे वजन सहाव्या महिन्यात ७ किलो आणि आठव्या महिन्यात ७.६ किलो भरले. दोन महिन्यांत ०.६ किलो वाढ, म्हणजे चढ महिन्याला ०.३. सहा महिन्यांचे १.८ किलो ७ मधून वजा केले की ५.२ उरतात. समीकरण झाले : वजन = ०.३ × वय + ५.२.

या हिशेबाने नवव्या महिन्यात ७.९ किलो भरायला हवेत. काटा ७.६ वरच थांबला, तरी बाळ हिरव्या पट्ट्यातच दिसेल. पण चढ शून्य झालेला असेल. जुलाब, ताप की अपुरा वरचा आहार, याची चौकशी त्याच दिवशी व्हायला हवी. बाळ पिवळ्या पट्ट्यात उतरण्याची वाट पाहणे म्हणजे वेळ घालवणे.

अर्थात, रेषेवर आंधळा भरवसाही नको. वय शून्य धरले तर हेच समीकरण जन्मवजन ५.२ किलो सांगते! प्रत्यक्षात नवजात बाळ साधारण तीन किलोचे असते. बाळ आधी झपाट्याने, मग सावकाश वाढते. म्हणून ही रेषा जवळच्या महिन्यापुरतीच खरी; दर महिन्याला नवा बिंदू हवाच.

नेमका तोच चुकतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि तक्त्यावरच्या रेषा तुटतात. अशा बाळाचे कार्ड त्याच्यासोबत जावे आणि जिथे मुक्काम पडेल तिथल्या अंगणवाडीत त्याचे वजन व्हावे. पालकांनीही ‘वजन किती?’ एवढेच न विचारता ‘गेल्या महिन्यापेक्षा किती वाढले?’ असे विचारावे. दहावीपर्यंत शिकलेली थोरली बहीणही ही वजाबाकी करू शकते.