गाडीतला आवाज गाडीतच राहू द्या

माझ्या भाच्याने मध्यंतरी जुनी हॅचबॅक घेतली. सर्व्हिसिंगच्या आधी ती स्टिरिओच्या दुकानात गेली. घरी आली तेव्हा निम्मी डिकी बास ट्यूबने भरलेली होती. "मामू, अब सुनो!" म्हणत त्याने बटण दाबलं. नंबरप्लेट खडखडली, समोरच्या खाला दारात येऊन उभ्या राहिल्या. मी विचारलं, "बोल काय होते रे गाण्याचे?" त्याला सांगता येईना, मलाही कळले नव्हते. या न कळलेल्या गाण्याला वीस हजार रुपये लागले होते.

दोष एकट्या पोराचा नाही. आवाज सुधारणं म्हणजे आवाज वाढवणं, हा समज आपल्या सोलापुरात घट्ट बसला आहे. विजापूर वेशीपासून होटगी रोडपर्यंत कुठेही संध्याकाळी उभे राहा, गाडी दिसण्याआधी तिचा धडधडाट छातीत येतो. हा समज खिशाला, कानाला आणि शहराला, तिघांनाही महाग पडतो आहे.

आधी एक मान्य करतो. कंपनीतून येणारा स्टिरिओ खरोखरच बेताचा असतो. स्वस्त गाडीत हलका कागदी कोन आणि छोटं मॅग्नेट असलेले स्पीकर बसवतात, कारण ग्राहक मायलेज विचारतो, स्पीकर विचारत नाही. तो बदलावासा वाटणं हा शौक आहे, गुन्हा नाही. प्रश्न आहे तो काय बदलायचं याचा.

दुकानात पहिली भूल पडते ती वॅटची. डेकवर ५० गुणिले ४ असं छापलेलं असतं. गाडी चालू असताना बॅटरीचा दाब १४ व्होल्टच्या आसपास असतो. तेवढ्या दाबावर साध्या डेकमधून एका स्पीकरला स्वच्छ आवाजाचे १५ ते २० वॅटच मिळतात. बाकीचा आकडा आवाज फाटल्यावरचा, क्षणभराचा. दुसरी गोष्ट, वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे नुसत्या वॅटमागे धावणाऱ्याचा पैसा जास्त जातो आणि पदरात थोडं पडतं.

मग खरी सुधारणा कुठे आहे? दरवाजात. आतलं प्लॅस्टिकचं पॅनेल काढून बघा, पातळ पत्रा आणि त्याला मोठमोठी भोकं. स्पीकर पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागेही ढकलतो. मागची लाट त्या भोकांतून पुढे येते आणि पुढच्या बासला खाऊन टाकते. आपण म्हणतो, "बास नाही, वूफर टाका." भोकं बंद करून पत्र्यावर ब्यूटाइलचे डॅम्पिंग शीट चिकटवले, तर त्याच स्पीकरचा बास भरतो, पत्र्याचा खणखणाट जातो आणि रस्त्याचा आवाजही थोडा कमी होतो. फक्त पाणी निघायची खालची छिद्रं बुजवू नका, नाहीतर दार गंजेल.

त्यानंतर पुढच्या दोन दारांत चांगले कॉम्पोनंट स्पीकर, ट्वीटर वेगळा. मागचे राहू द्या, गाणं समोरून ऐकायचं असतं. तरीही कमी वाटलं तर लहान अॅम्प्लिफायर, आणि त्याच्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज. मूळ वायरिंग कापू देऊ नका, कपलर मागा. कापलेल्या वायरिंगवर पुढे वॉरंटीचा वाद होतो आणि शॉर्ट सर्किटची भीतीही राहते. आणि व्हॉट्सअॅपवरून फिरत आलेली पिचकी फाइल वाजवून स्पीकरला शिव्या देऊ नका.

आता कानाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, १०० डेसिबल मात्र फक्त २० मिनिटं. काचा बंद करून डिकीतला वूफर पूर्ण सोडला की ती २० मिनिटं सात रस्त्यावरून घरी पोचेपर्यंत संपतात. पूर्व भागात यंत्रमागावर आयुष्य काढलेली माणसं ठाऊक असतील तुम्हाला. मोठ्याने बोलतात, दोनदा विचारतात. त्यांचे कान पोटासाठी गेले. आपण तेच नुकसान पदरचे पैसे मोजून घेतो आहोत.

आणि शहराचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये बजावलं की दुसऱ्याच्या कानावर आवाज लादण्याचा हक्क कुणालाच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. इथे आपली माणसं मान डोलावतात आणि मशिदीसमोरून गेलेल्या डीजेची तक्रार सांगतात. तक्रार खरी आहे. पण संदलच्या मिरवणुकीत आपणही तेच लावतो, आणि आपली पोरं तीच भिंत लहान करून डिकीत घेऊन फिरतात. मग बोलायचं कोणत्या तोंडाने?

काही बुजुर्ग म्हणतील, संगीतच नको, वाद मिटला. तो वाद मी इथे काढत नाही. पण आवाज खाली ठेवण्याची शिकवण सूरह लुकमानमध्ये आहे, आणि ती नात, कव्वाली, बयान सगळ्यालाच लागू आहे. गाडीत तिलावत लावणाऱ्यालासुद्धा.

मोठा आवाज आम्हालाही प्यारा आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख, बुलंद आवाजासाठीच ओळखले गेले. पण त्यांचा शब्द न् शब्द लोकांना कळत होता, म्हणून माणसं थांबत होती. आणि मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं जुनं ध्वनिमुद्रण लावून बघा. त्या हळुवार सुरासाठी आवाज वाढवावा लागत नाही, आजूबाजूचा गोंगाट कमी करावा लागतो.

भाच्याला मी एक परीक्षा सांगितली आहे. काचा वर कर, आवडीचं गाणं लाव, खाली उतरून दहा पावलांवर उभा राहा. तिथे गाणं ऐकू आलं तर तुझा पैसा रस्त्यावर सांडतो आहे. बास ट्यूब अजून डिकीतच आहे. पण येत्या रविवारी दरवाजे उघडायचं त्याने कबूल केलं आहे, आणि शीट चिकटवायला मी जाणार आहे.