काळोख जुनाच आहे

अमेरिकेंतील ब्लूग्रास संगीतांत जी एक काळोखी, उग्र नवी धाटणी अलीकडे शिरली आहे, तिच्याविषयीं दोन पक्ष हिरिरीनें भांडत असतात. एक म्हणतो, शुद्ध परंपरा भ्रष्ट झाली. दुसरा म्हणतो, निर्जीव परंपरेंत आम्हीं प्राण ओतला. आमच्या मतें दोघांनींही इतिहासाकडे सोयीस्कर पाठ फिरविली आहे.

प्रथम शुद्धतावाद्यांचा समाचार घेऊं. ज्या परंपरेला ते अनादि समजतात, तिचें वय तें काय? केंटकीचा बिल मन्रो आपलें मँडोलिन घेऊन १९३९ सालीं नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ ह्या नभोवाणी-कार्यक्रमांत दाखल झाला. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज त्याच्या संचांत आला, आणि त्याच्या तीन बोटांच्या वेगवान बँजोवादनानें ह्या संगीताला त्याचें ओळखीचें रूप मिळालें. तो बँजो तरी कोणाचा? आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यांचा तो वंशज. स्वतः मन्रो आर्नोल्ड शुल्ट्झ ह्या कृष्णवर्णीय वादकाचें ऋण मान्य करी. जें जन्मतःच संकरांतून आलें, त्याला आतां सोवळें कसलें नेसवितां?

परंतु नवमतवाद्यांची बढाईही तितकीच पोकळ आहे. म्हणे, काळोख आम्हीं आणला! ‘प्रिटी पॉली’ ह्या गाण्यांत प्रियकर आधींच खणून ठेवलेल्या थडग्यापाशीं प्रेयसीला नेऊन मारतो. तें डॉक बॉग्ज ह्या व्हर्जिनियाच्या खाणकामगारानें १९२७ सालींच ध्वनिमुद्रित केलें होतें. कवट्यांचीं चित्रें व काळे पोशाख ह्यांनीं गाण्यांत काळोख येत नसतो. २००० सालच्या एका चित्रपटासाठीं वृद्ध राल्फ स्टॅन्लीनें एकाही वाद्याच्या साथीवांचून मृत्यूला आळविलें, तें ऐकून अंगावर कांटा उभा राहतो. १९६८ सालीं वेस्ट व्हर्जिनियांत फार्मिंग्टनच्या कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन ७८ कामगार मेले. त्यांचें गाणें हेझल डिकन्सनें रचलें. तिचा सख्खा भाऊ कोळशाच्या धुळीनें फुप्फुसें काळवंडून गेला होता. त्याच्यावरही तिचें गाणें आहे. हा काळोख भोगलेला आहे, फांसलेला नव्हे.

तात्पर्य, हा वाद जुन्या-नव्याचा नाहींच, खऱ्या-खोट्याचा आहे. नव्या गायकानें खुशाल विद्युत्-वाद्यें आणावीं, ताल बदलावा. आम्ही आडवे येणार नाहीं. मात्र आपण गातों तें दुःख कोणाचें, एवढें त्याला सांगतां आलें पाहिजे. तें ज्याला सांगतां येत नाहीं, त्याचा काळोख दिवा मालवून केलेला आहे. आणि तो दिवा लावतांच नाहींसा होतो.