साडेसत्तावीस टक्के

दिवाळी जवळ आली की घरोघर बोनसची बोलणी सुरू होतात. क्वचित ती फिसकटतात, आणि मग प्रकरण वकिलाकडे जाते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे खरे; पण ज्याचा पगार थांबला आहे त्याला एवढे शहाणपण परवडत नाही. नोकरीचे खटले चालवणारे काही वकील आणखी एक काम करतात. ते दोन्ही पक्षांच्या मधे बसून समेट घडवतात. त्या कामाला कलमांखेरीज काय लागते, हे पाहायचे तर १९१८ सालच्या अहमदाबादेस जावे.

तिथे प्लेगच्या दिवसांत गिरणीवाले कामगारांना भरघोस बोनस देत होते. साथ ओसरली, बोनस थांबला. महागाई तेवढी राहिली. कामगारांनी ५० टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांपुढे सरकेनात. बॅरिस्टर गांधींनी हिशेब तपासून ३५ चा आकडा काढला, आणि त्याखाली कामावर जायचे नाही अशी शपथ कामगारांनी घेतली. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई. कामगारांच्या बाजूला त्यांचीच सख्खी बहीण अनसूयाबेन!

तीन आठवडे उलटले. चुली थंडावल्या, माणसे खचू लागली, तेव्हा गांधींनी उपवास धरला. १८ मार्चला तोड निघाली. पहिल्या दिवशी ३५ टक्के वाढ : कामगारांची शपथ राहिली. दुसऱ्या दिवशी २० टक्के : मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून, पंचाचा निकाल लागेपर्यंत, साडेसत्तावीस. पंच नेमले आनंदशंकर ध्रुव, म्हणजे आमच्याच प्राध्यापकी पेशातले गृहस्थ. त्यांनी पुढे निकाल दिला तो ३५ टक्क्यांचाच.

एकेका दिवसाचा हा हिशेब कुणाला पोरखेळ वाटेल. पण माणसे नुसत्या रुपयांसाठी भांडत नाहीत. दिलेल्या शब्दासाठीही भांडतात. तो शब्द सांभाळल्यावाचून समेट होत नाही.

अर्थात गांधी तिथे मध्यस्थ नव्हते, कामगारांचे सल्लागार होते. आपल्या उपवासाचा दाब मालकांवर पडला, ही खंत त्यांनी आत्मकथेत नोंदवली आहे. आपल्या २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने तर मध्यस्थाला तडजोड लादण्याची मुभाच ठेवलेली नाही. बैठकीतले बोलणे बाहेर फोडायचे नाही, आणि त्याच तंट्यात पुढे कुणा एकाचे वकीलपत्रही घ्यायचे नाही. मधे बसायचे तर अशी पथ्ये पाळावीच लागतात.

मात्र मधला आकडा म्हणजेच न्याय, असे समजू नये. तो आकडा चौथीतला मुलगाही काढील. साडेसत्तावीसने गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले, चुली पेटल्या. न्याय ठरला तो सावकाश, कागद तपासून. आधी चूल आणि मग निकाल, हा क्रम ज्याला साधतो, त्या वकिलाची पायरी शहाण्याने खुशाल चढावी.